कचेरीतलं वाक्य, रंकाळ्यावरची सकाळ

कोल्हापुरात छोटे घरगुती समारंभ बसवून द्यायचं काम मी करते. बारसं, डोहाळजेवण, साठीशांत, आणि अलीकडं ‘रजिस्टर लग्न करायचंय, पण रुक्ष नको’ म्हणून येणारी मंडळी. त्यातलंच एक लग्न इथं मांडते. दोन्ही घरांना विचारलं आहे, नावं गाळली आहेत.

मुलगी शिवाजी पेठेतली, मराठा घरातली, बँकेत नोकरीला. मुलगा मिरजेचा, लिंगायत, पुण्यात नोकरी. त्याच्या घरात मराठीच्या जोडीनं कानडी चालते, कारण आजी जमखंडीकडची. दोन्हीकडून होकार होता, थोड्या कुरकुरीसकट. जात वेगळी, म्हणून कुणाच्या पद्धतीनं लग्न लावायचं हा वाद नको होता. शिवाय मंगल कार्यालय, हजार पानं, आहेर-मानपान यातलं दोघांनाही काही नको होतं. डिसेंबरात ती माझ्याकडं आली तेव्हा अपेक्षा तीनच होत्या: लग्न नोंदणी पद्धतीनं, माणसं पस्तीस, आणि ते ‘आपलं’ वाटलं पाहिजे.

जागा म्हणून आधी पन्हाळा डोक्यात होता. तो मी पहिल्याच बैठकीत काढून टाकला. केंद्रीय संरक्षित स्मारकात सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी असं काही करायचं तर १९५९ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. त्यात जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. पस्तीस माणसांच्या अक्षतांसाठी ही वाट धरण्यात अर्थ नव्हता. मग मुलीनंच शहरातला रंकाळा तलाव सुचवला. म्हणाली, “रंकाळा का नको? मी सायकल शिकलो तिथंच, आणि ह्यांना पहिल्यांदा भेटलो पण तिथंच.” (पेठेतल्या मुली अजून ‘शिकलो, भेटलो’ म्हणतात. ऐकायला मला फार गोड वाटतं.)

तारीख तिला २६ जून हवी होती, शाहू महाराजांची जयंती. कारणही पटण्यासारखं होतं. ज्या संस्थानानं १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा आणि त्याच सुमारास आंतरजातीय विवाहाचा कायदा केला, तिथल्या मुलीनं त्या दिवशी जातीबाहेर लग्न करावं, यात शोभा आहेच. पण जून अखेरीला कोल्हापुरात उघड्यावर काही ठरवणं म्हणजे पावसाला मुख्य पाहुणा करणं. दुसरी अडचण नोटिशीची होती, आणि ती बहुतेकांना माहीत नसते.

विशेष विवाह कायदा, १९५४ चा. दोघांपैकी एकजण तरी नोटिशीच्या आधी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. मग विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची. ती नोंदवहीत चढते, कार्यालयात ठळक जागी लागते, आणि तीस दिवस थांबावं लागतं. थांबून झालं की कधीही या, असंही नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे २६ जूनला लग्न हवं असेल तर नोटीस मार्च संपत आल्यावरच द्यायची आणि मेचा शेवटचा आठवडा लागायच्या आत. जानेवारीत दिलेली नोटीस जूनला कामाची नाही. मुलाचा कायमचा पत्ता मिरजेचा, म्हणून नोटिशीची प्रत सांगली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडंही जाते आणि तिथंही लागते. सगळा हिशेब मांडल्यावर दोघांनी जून सोडला. नोटीस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, लग्न फेब्रुवारीच्या मध्यावर. तोवर कडाक्याची थंडी ओसरलेली असते आणि ऊन अजून बोचत नाही.

नोटीस फळ्यावर लागली आणि चुलते जागे झाले. मुलीचे थोरले चुलते माझ्याकडंच आले. “बाई, ते रजिस्टर केलं की पोरगी वाटणीतनं जाती म्हणं, खरं का?” प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. या कायद्याच्या १९ व्या कलमात एकत्र कुटुंबापासून वेगळं होण्याची तरतूद आहे. पण १९७६ च्या दुरुस्तीनं २१-अ हे कलम आलं, आणि दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ती तरतूद लागू होत नाही. कायद्याच्या नजरेत लिंगायतही हिंदूंतच मोडतात, त्यामुळं इथं काहीच बदलत नव्हतं. दुसरी भीती मुलाच्या आजीची: असं लग्न केलं की धर्म सोडल्याचं लिहून द्यावं लागतं. हेही कुणीतरी रचलेलं नाही. १८७२ च्या जुन्या कायद्यात तसं जाहीर करावं लागायचं, आणि जुन्या घरांत ती आठवण रेंगाळत राहिली आहे. १९५४ च्या कायद्यात तसलं काही नाही. आक्षेपाचंही तेच. आक्षेप कुणीही घेऊ शकतो, पण कारणं मोजकी: आधीचं लग्न कायम असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं, मानसिक असमर्थता. ‘आमच्या मनात नव्हतं’ हे कारण त्यात बसत नाही. चुलत्यांना चहा पाजून हे सगळं सांगितलं. ते गप्प झाले. पटलं की नाही, माहीत नाही.

आता मूळ मुद्दा. अशा लग्नात ‘आपलंपण’ घालायचं म्हटलं की लोक सरळ सजावटीकडं धावतात. फुलांची कमान, नावाची पाटी, ड्रोन. कचेरीतला भाग म्हणजे सह्या करून मोकळं व्हायचं आणि खरं लग्न नंतर बाहेर, अशी समजूत असते. माझं मत उलटं आहे. कायदा लग्नाच्या पद्धतीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. कोणत्याही पद्धतीनं करा म्हणतो. अट एकच: विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समोर दोघांनी एकमेकांना, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, ‘मी तुझा पती / पत्नी म्हणून स्वीकार करतो / करते’ अशा अर्थाचं वाक्य बोललं पाहिजे. ते बोलल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. म्हणजे सगळ्या समारंभात कायद्याला महत्त्वाची वाटते ती तीन माणसं आणि एक वाक्य. आपलंपण घालायचं तर तिथंच घालावं.

मुलीला हे लगेच पटलं. मुलाला पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, अधिकाऱ्यालाच रंकाळ्यावर बोलावू. कायद्यात सोय आहे: कार्यालयापासून वाजवी अंतरावर, पक्षकारांना हव्या त्या ठिकाणी, जादा शुल्क भरून. घरच्या अंगणात किंवा लहान सभागृहात असतं तर मीही तेच सुचवलं असतं. रंकाळ्यावर मात्र मी विरोध केला. वारा सुटलेला, शेजारी मक्याच्या कणसाची गाडी, आणि मध्ये सरकारी रजिस्टर सांभाळत उभा असलेला माणूस. त्या गोंधळात वाक्य ऐकू कुणाला येणार? शिवाय कामाचा वार, कामाची वेळ, म्हणजे रंकाळ्यावर दुपार. शेवटी ठरलं: गुरुवारी दुपारी कचेरी, शुक्रवारी पहाटे रंकाळा.

ठरलं म्हणते, पण लगेच मुलीच्या आईनं खरा प्रश्न काढला. “सह्या गुरुवारी. मग त्या रात्री पोरगी झोपणार कुठं?” बैठकीत शांतता. कायद्यानं लग्न झालेलं, पण अक्षता पडायच्या बाकी. मुलगा हसायला लागला, त्याच्या आईनं त्याला डोळे वटारले. निकाल पेठेतल्या आजींनी दिला: “सही झाली म्हंजे नवरा झाला. पण माप वलांडत न्हाई तवर पोरगी आमची. रातच्याला हितंच.” यावर मिरजकरांची काही तक्रार नव्हती. मी त्याच बैठकीत निमंत्रणाचा मजकूर कच्चा लिहून घेतला: गुरुवारी विवाह, शुक्रवारी सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर भेट व आशीर्वाद, दुपारी जेवण. ‘शुभविवाह’ शुक्रवारी छापायचा आग्रह झाला होता, तो मानला नाही. एकदा झालेलं लग्न दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं असं भासवू नये, असं मुलीनं स्पष्ट सांगितलं.

साक्षीदारांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. एरवी कचेरीत साक्षीदार म्हणजे सुट्टी मिळाली तो मित्र. इथं दोघांनी ठरवलं, ज्यांच्यामुळं आपण इथवर आलो ती माणसं. मुलाकडून त्याची आत्या. वडील लवकर गेले, तेव्हा त्याचं शिक्षण तिनं शिवणकाम करून केलं. मुलीकडून आजी. तिसरी मुलीची शाळेतली बाई, जिच्या घरी ती दहावीला अभ्यासाला जायची. तीन बायका. यात जे व्हायचं तेच झालं. मुलीचे मामा रुसले. आपल्याकडं मुलीला बोहल्यापर्यंत मामा आणतो. इथं बोहलंही नाही आणि सहीही नाही. “मला काय नुसतं जेवाय बलिवलंय?” म्हणाले. आई मऊ पडली, चौथी सही घेता येईल का विचारायला लागली. मुलगी बधली नाही. तिचं बरोबर होतं असं मला वाटतं. यादी एकदा नात्याच्या दबावानं बदलली की मग ती यादी तुमची राहत नाही. मामांना शुक्रवारचं काम दिलं: पेठेतल्या घरापासून रंकाळ्यापर्यंत मुलीला चालत घेऊन यायचं. त्यांनी ते केलं, पण राग गेला असं म्हणता येणार नाही.

भाषेचं सुचलं मुलालाच. कोणत्याही समजणाऱ्या भाषेत चालतं म्हटल्यावर तो म्हणाला, मी कानडीत बोलतो, आजीला कळेल. अडचण अशी की भाषा दोघांना समजायला हवी. मुलीनं महिनाभर त्याच्या आजीकडून फोनवर कानडीचे धडे घेतले. लग्नाला त्यातलं एकच वाक्य लागणार होतं, पण नातसून म्हणून ती त्या घरात कशी शिरली याचं उत्तर मला या धड्यांत सापडतं. विवाह अधिकाऱ्यांना आधी भेटून विचारून ठेवलं. त्यांनी सांगितलं, आधी मराठीत बोला, ते नोंदीसाठी. मग कानडीत बोलायला माझी हरकत नाही. सुटसुटीत तोडगा. अशा गोष्टी आयत्या वेळी विचारू नयेत, आदल्या आठवड्यात साध्या शब्दांत विचाराव्यात. बहुतेक अधिकारी ऐकून घेतात.

गुरुवारी कचेरीत नेहमीची गर्दी होती. खरेदीखतवाले, भाडेकरारवाले, त्यांच्यात नवरीच्या पैठणीत एक मुलगी. वाट पाहावी लागली. आजींसाठी घरून घडीची खुर्ची नेली होती. मूळ ओळखपत्रं, वयाचे पुरावे, फोटो सगळं एकाच फाईलमध्ये नावानिशी लावलेलं. हे काम कंटाळवाणं, पण यानंच दिवस तरतो. फोटोग्राफर एकच, तोही बिनफ्लॅशचा. आत दोन्हीकडचे आईवडील म्हणता येतील ते तिघं, साक्षीदार तिघी, मिरजेच्या आजी आणि मी. आधी घोषणापत्रावर सह्या झाल्या, दोघांच्या आणि तिघींच्या. मग दोघं समोरासमोर उभी राहिली. मुलानं मराठीत वाक्य म्हटलं, मग कानडीत. मुलीनंही दोन्हीत म्हटलं, कानडीत एकदा अडखळली, मिरजेच्या आजींनी मागून हळूच शब्द पुरवला. अधिकारी हसले आणि म्हणाले, “साक्षीदारांनी मदत करायची नाही.” “मी कुटं साक्षीदार?” आजी म्हणाल्या. पेठेतल्या आजींनी प्रमाणपत्रावर सही करायच्या आधी चष्मा पुसला आणि सगळा कागद वाचला, अक्षर न् अक्षर. मागचे खोळंबले. कुणी काही बोललं नाही.

शुक्रवारची तयारी वेगळ्या डोक्यानं केली होती. सार्वजनिक जागा तुमची होत नाही, तासभर वाट्याला येते, एवढं धरून चाललं की पुढचं सोपं जातं. संध्याकाळी रंकाळा चौपाटी म्हणजे भेळ, आइस्क्रीम, पोरांच्या गाड्या, आणि पाण्यावर मावळतीचं ऊन बघायला आलेलं निम्मं शहर. तिथं पस्तीस माणसांचा घोळका हरवतो, नाहीतर लोकांच्या वाटेत येतो. पहाटेचा रंकाळा फिरायला येणाऱ्यांचा. ती माणसं रोजची, शिस्तीची, आणि साडेसहाला लग्न दिसलं तर थांबून बघणारी. महापालिकेकडं लेखी अर्ज दिला: मांडव नाही, ध्वनिक्षेपक नाही, स्वयंपाक नाही, एका तासात जागा जशी होती तशी. एवढं ‘नाही’ असलं की कुणाला अडवायला फारसं काही उरत नाही. मायक नसल्यामुळं पोलिसांकडचा वेगळा फेराही वाचला.

फुलांबद्दल मी फारच कडक होते. रंकाळ्यानं केंदाळानं भरलेली वर्षं पाहिली आहेत. गणपती विसर्जनसुद्धा शेजारच्या इराणी खणीकडं वळवलं गेलं ते पाणी वाचावं म्हणून. त्यामुळं पाण्यात पाकळी नाही, काठावर तांदूळ नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक झेंडू दिला. आशीर्वाद देताना तो दोघांच्या ओंजळीत द्यायचा, भरलेली ओंजळ मामांनी धरलेल्या बुट्टीत रिकामी करायची. शेवटी बुट्टी घरी. फिरायला आलेले दोन-चार आजोबा रांगेत शिरले, त्यांनाही फुलं दिली. जास्तीची वीसेक ठेवली होती, त्यासाठीच.

विधी कोणताच नव्हता. दोघांनी एकमेकांना लिहून आणलेलं वाचून दाखवलं. ही कल्पना परकी नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक लग्नासाठी मंगलाष्टकं रचली, त्यात वधू-वर एकमेकांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्काचं बोलून दाखवते. मी ती दोघांना वाचायला दिली होती. पहिला मसुदा मुलानं फार सुगंधी आणला होता, चंद्र वगैरे. मुलीनं पेन घेऊन खाडखाड काट मारली. उरलं ते असं: पुण्यात घर घेतलं तर दोघांच्या नावावर, आत्याची औषधं आणायची पाळी आलटून पालटून, तिची बदली झाली तर आधी तिच्या नोकरीचा विचार, त्याची झाली तर त्याच्या, भांडण झालं तर माहेरी फोन दुसऱ्या दिवशी. शेवटच्या वाक्याला फिरायला आलेल्या एका बाईंनी टाळी वाजवली. काव्य नव्हतं, पण पस्तीसच्या पस्तीस जण कान देऊन ऐकत होते, कारण त्यातला शब्द न् शब्द त्या दोघांवरच लागू होता.

अंगावरचंही थोडं सांगते. मंगळसूत्राऐवजी मुलीनं आजींचा कोल्हापुरी साज घातला. हौस म्हणून नवा घडवायचा बेत होता, आजींनी पेटीतनं जुनाच काढून दिला, दोरा बदलून. चपला दोघांनी एका कारागिराकडून मापानं करून घेतल्या. इथं एक सूचना: नवी कातडी चप्पल लग्नादिवशी पहिल्यांदा घालू नका. आठवडाभर तेल लावून, घरात वापरून मऊ करा. मुलानं ऐकलं नाही आणि रंकाळ्यावरून घरी लंगडत गेला.

जेवणावर मात्र युद्ध झालं. पेठेत लग्न आणि मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा नाही, हे मुलीच्या काकांना सहनच होईना. मिरजकरांकडं मांसाहार नाही. दोन वेगळ्या पंगती हा नेहमीचा तोडगा मी सुचवला नाही. पस्तीस माणसांत दोन पंगती लावल्या की दोन जाती समोरासमोर बसल्यासारख्या दिसतात, आणि हे लग्न तर त्याच्याविरुद्ध होतं. शुक्रवारचं जेवण सगळ्यांना एकच: अख्खा मसूर, भरली वांगी, ज्वारीची भाकरी, खर्डा, दही, आणि मिरजेच्या आत्यांनी केलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. तांबडा-पांढरा रविवारी पेठेतल्या घरी, ज्याला हवा त्यानं यावं. काका शुक्रवारी तोंड वाकडं करून बसले आणि हुग्गी दोनदा वाढून घेतली.

पैशाचं थोडक्यात: मंगल कार्यालयाचं एक दिवसाचं भाडं जेवढं, त्यात सगळं बसलं, फोटोग्राफरसकट. ड्रोन कापला, त्याची आठवणही कुणाला झाली नाही.

पुढच्या वेळी असं काम आलं तर दोन गोष्टी वेगळ्या करेन. एक, मायक नको हे ठीक, पण मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांना पाण्यावरच्या वाऱ्यात अर्धंच ऐकू आलं. वाचायचा मजकूर छापून हातात द्यायला हवा. दुसरी गोष्ट मामांची. साक्षीदारांची नावं त्यांना चौथ्या माणसाकडून कळली. मुलीनं नावं बदलली नसती, बदलायलाही नको होती. पण तिनं स्वतः त्यांच्या दारात जाऊन, यादी पक्की व्हायच्या आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर बुट्टी धरणारा हात जरा सैल असता. आता नव्या जोडप्याकडून मी आधी हेच विचारून घेते: साक्षीदार कोण, आणि ज्यांना वगळणार त्यांना कोण जाऊन सांगणार.